धमकीचा फोन आला की पहिले काय करायचं, आणि केस थंड पडू द्यायची नाही ती कशी

परवा रात्री साडेअकराला दिव्यातल्या एका पोराचा फोन आला. लोकल पेपरला बातम्या देतो, दीडेक वर्ष झालं असेल. "दादा, ती सात मजल्याच्या अनधिकृत बिल्डिंगची बातमी लावली होती ना, आत्ता एकाचा फोन येऊन गेला, म्हणतो तुझं घर कुठल्या गल्लीत आहे माहितीये आम्हाला, पोरगी कुठल्या शाळेत जाते तेपण माहितीये. काय करू?" मी म्हटलं नंबर सेव्ह केलास का. तर म्हणतो ब्लॉक केला आणि कॉल लॉगमधून उडवून टाकला, बायको बघेल म्हणून.

डोक्याला हात लावला मी. पण त्याला तरी काय बोलणार, मी स्वतः ह्याच्याहून मोठा गाढवपणा केलाय. खाडीतल्या रेतीउपशावर लिहिलं होतं, मुंब्रा-कळवा बाजूला रात्री सक्शन पंप लावून चालायचं ते, आणि दोन दिवसांनी घराखाली दोघं येऊन थांबले, शांतपणे म्हणाले "साहेब, गाडी जपून चालवत जा." मी पोलीस स्टेशनला गेलो, तिथल्या साहेबांनी चहा पाजला, पाठीवर हात ठेवला, "मी सांगतो त्यांना, तू टेन्शन घेऊ नको" म्हणाले, आणि मी खूश होऊन परत आलो की आपली काय ओळख आहे! सहा महिन्यांनी मागून एकानं बाइक ठोकली, कॉलरबोन मोडलं, आणि तक्रार द्यायला गेलो तर नवीन आलेले साहेब विचारतात, आधी कधी धमकी आल्याची काही नोंद आहे का? कसली नोंद, चहाची? अपघात म्हणून लिहिलं, संपला विषय.

तर हे त्या पोरासाठी आणि आपल्याकडं ठाणे, कळवा, दिवा, कल्याण, वाशी, पनवेल पट्ट्यात जे कोणी टँकर, डेब्रिज, खारफुटी, आरक्षित भूखंड असल्या बातम्या करतात त्यांच्यासाठी. मी वकील नाही, पण कोर्टनाक्यावर इतकी वर्षं घालवलीत की काही गोष्टी अंगवळणी पडल्यात.

एक आकडा आधी सांगतो. जगात पत्रकारांच्या खुनाच्या दर १०० केसेसमधल्या साधारण ८५ मध्ये न्याय होत नाही असं युनेस्कोचा २०२४ चा अहवाल सांगतो. लोक म्हणतात पॉवरवाले असतात म्हणून सुटतात. असतात पॉवरवाले, पण सुटतात ते बऱ्याचदा कागद नसतो, फुटेज उडालेलं असतं, कलम चुकीचं असतं आणि आठव्या वर्षी कोर्टात आपल्या बाजूचं कुणीच बसलेलं नसतं म्हणून. पॉवर त्या भोकांतून आत शिरते.

तर धमकी आल्या आल्या. फोनमधलं काहीही डिलीट करायचं नाही, ब्लॉकपण लगेच नको, कारण परत फोन आला तर तो पुरावाच आहे. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट घ्या ज्यात नंबर, तारीख, वेळ तिन्ही दिसेल. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज असेल तर स्क्रीनशॉट घ्याच, वर समोरच्याचं प्रोफाइल उघडून नंबर दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा आणि चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा. ट्रूकॉलरवर जे नाव येतं ते नाव म्हणजे पुरावा नव्हे, तिथं कोणीही काहीही ठेवतं, पण तेपण ठेवा बाजूला. आणि तो हँडसेट विकू नका, फॉरमॅट मारू नका, सर्व्हिस सेंटरला देऊ नका. कोर्टात रेकॉर्डिंग दाखवायचं म्हटलं की साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, पूर्वी ह्यालाच ६५ बी म्हणायचे, त्यात आता फाइलची हॅश व्हॅल्यूपण (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहावी लागते, आणि मूळ फोन हातात असला की हे सगळं सोपं जातं.

मग वही. साधी शंभर पानी वही घ्या आणि त्याच रात्री लिहा, किती वाजता, कुठल्या नंबरवरून, तुम्ही कुठं होता, शेजारी कोण होतं, आणि तो नेमकं काय बोलला. नेमकं म्हणजे नेमकं. शिवी दिली तर शिवी लिहा, हिंदीत बोलला तर हिंदीत, आगरीत बोलला तर आगरीत. आपले लोक अर्जात लिहितात "मला अर्वाच्य भाषेत धमकावण्यात आले" आणि त्याला काडीचा अर्थ उरत नाही. "तुझी पोरगी कुठल्या शाळेत जाते माहितीये" हे वाक्य जसंच्या तसं कागदावर आलं की वाचणाऱ्या अधिकाऱ्यालापण ते टोचतं.

माणसं घराखाली येऊन गेली असतील तर दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी पत्र द्या की अमुक तारखेचं, अमुक ते अमुक वेळेचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा. बहुतेक सोसायट्यांचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारं मशीन, पंधरा दिवसात नाहीतर महिनाभरात जुन्यावर नवीन लिहितो, आणि पोलीस फुटेज मागायला येईपर्यंत तिथं गणपतीची मिरवणूक रेकॉर्ड झालेली असते. मोबाइल कंपन्यांकडं कॉलचे तपशील निदान दोन वर्षं राहतात म्हणून मी त्या पोराला म्हटलं की लॉग उडवलास तरी सगळं गेलं नाही, पण तो काढायचा तर पोलिसांनी मागायला हवा, आणि पोलीस मागणार तेव्हाच जेव्हा तक्रार असेल.

आता तक्रार. इथं सगळ्यात जास्त लोक घसरतात. ठाणे अंमलदार, म्हणजे स्टेशनवर तक्रार लिहून घेणारा पोलीस, आधी ऐकून घेतो, मग म्हणतो "एनसी घेतो", म्हणजे अदखलपात्र. नुसत्या धमकीची बहुतेक वेळा एनसीच होते, त्यात नाराज होऊन निघून यायचं नाही, एनसीचा नंबर आणि प्रत घ्यायची. एनसीचा तपास पोलीस स्वतःहून करत नाहीत, मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो, आणि तो तुम्ही वकिलामार्फत मागू शकता, हे कोणी सांगत नाही. जिवे मारण्याची धमकी असेल तर न्याय संहितेचं कलम ३५१ पोटकलम ३ अर्जात स्पष्ट लिहा, शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे, नाव लपवून दिली असेल तर पोटकलम ४ पण. दखलपात्र काही घडलं, म्हणजे अंगावर आले, गाडी ठोकली, तर एफआयआर घेणं त्यांना बंधनकारक आहे, हद्द आमची नाही हे कारण चालत नाही, झिरो एफआयआर कुठल्याही स्टेशनला होतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

घेतच नसतील तर भांडू नका. लेखी अर्ज दोन प्रतीत न्या, एक त्यांना, दुसरीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही. ह्याला पोच म्हणतात आणि ह्या पूर्ण लेखातला सगळ्यात महागडा शब्द तोच आहे. पोच दिली नाही तर तोच अर्ज परिमंडळाच्या डीसीपींना आणि आयुक्तालयाला स्पीड पोस्टनं पाठवा (रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय), मेलपण करा, पावती वहीत चिकटवा. एफआयआर टाळला म्हणून पुढं मॅजिस्ट्रेटकडं जायची वेळ आली तर आधी वरिष्ठांना लेखी कळवलं होतं हे दाखवावंच लागतं, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं, तेव्हा ही पावती सोन्याची होते.

हद्दीचा घोळ आपल्याकडं भारी आहे, तो समजून घ्या. ठाणे आयुक्तालयात ठाण्यापासून भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येतं. शहापूर-मुरबाड ग्रामीण पोलिसांकडं. मिरा-भाईंदर २०२० पासून वेगळ्या आयुक्तालयात. आणि नवी मुंबईत तर गंमतच, वाशी, ऐरोली, बेलापूर हा ठाणे जिल्हा, पण खारघर, कामोठे, पनवेल, उलवे रायगड जिल्हा, दोघांचे पोलीस मात्र एकच, सीबीडी बेलापूरचं आयुक्तालय. म्हणजे खारघरला घटना घडली तर अर्ज बेलापूरला आणि केस पनवेल कोर्टात. एका ओळखीच्या फोटोग्राफरनं चार महिने चुकीच्या कोर्टाच्या चकरा मारल्यात ह्याच्यापायी.

आपल्या राज्यात पत्रकारांवरच्या हल्ल्याविरोधात वेगळा कायदा आहे, विधिमंडळात २०१७ ला मंजूर झाला, राष्ट्रपतींची संमती येऊन २०१९ ला आला. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा ३ वर्षांपर्यंत किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तपास डीवायएसपीपेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडं देता येत नाही, आयुक्तालयात म्हणजे एसीपी. ऐकायला मस्त आहे. पण हल्ला ड्यूटीवर असताना झाला पाहिजे आणि तुम्ही नोंदणी असलेल्या माध्यमात नेमलेले पाहिजेत, पगारी नाहीतर कंत्राटी. आता बदलापूर-टिटवाळ्यातल्या किती स्ट्रिंगरकडं, म्हणजे पगाराविना बातम्या देणाऱ्यांकडं, नेमणूकपत्र आहे? अर्धे तर जाहिरातीच्या कमिशनवर जगतात, बातमीचे पैसे मिळतच नाहीत, आणि यूट्यूब चॅनलवाल्यांचं तर विचारूच नका. म्हणून आज, धमकी यायच्या आधी, संपादकाकडून लेटरहेडवर एक पत्र मागा आणि मोठ्या बातमीला जाताना डेस्कला एक मेल टाका, "अमुक ठिकाणी अमुक बातमीसाठी जातोय." दोन ओळींचा मेल, पण ड्यूटीचा पुरावा तोच. उलट बाजूपण लक्षात ठेवा, ह्याच कायद्यात खोटी तक्रार केली तर तक्रारदारालाच शिक्षा आहे, तेव्हा पार्किंगच्या भांडणात हा कायदा काढू नका.

फिरण्याबद्दल थोडक्यात. "चहाला ये, बसून मिटवू" असा फोन आला तर जायचं नाही, अगदी ओळखीच्यानं मध्यस्थी केली तरी नाही, बोलायचं तर ऑफिसात. रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचारावर बातमी करणारा छत्तीसगडच्या बिजापूरचा मुकेश चंद्राकर १ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी घरून निघाला आणि ३ तारखेला एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये सापडला, वर ताजं सिमेंट ओतलेलं. आरोपी म्हणून पकडलेल्यांत त्याचे नातेवाईकच होते. लाइव्ह लोकेशन एका माणसाकडं चालू ठेवा आणि त्या माणसाला सांगून ठेवा की मी अमुक वाजेपर्यंत फोन केला नाही तर तू काय करायचं. नुसतं लोकेशन पाठवून उपयोग नाही, बघणारा झोपला असेल तर?

आता नको तो विषय. आपल्यातला एखादा गेलाच तर मागे राहिलेल्यांनी काय करायचं.

पहिल्याच दिवशी एफआयआर हातात घ्या आणि कलम वाचा. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशेंना ६ फेब्रुवारी २०२३ ला एसयूव्हीनं उडवलं, ७ तारखेला ते गेले. बारसू रिफायनरीच्या बाजूनं असलेल्या जमीन व्यवहारातल्या माणसाबद्दलची त्यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती, आणि गाडी त्याचीच होती असा आरोप. आधी सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं, राज्यभर पत्रकार रस्त्यावर उतरल्यावर खुनाचं लागलं, एसआयटी (विशेष तपास पथक) नेमली गेली. कोणी कलम वाचलंच नसतं तर? हायवेवर, घोडबंदर रोडवर, पाम बीचवर रोज कोणीतरी जातंय, त्यात एक "अपघात" सहज मिसळतो. तेव्हा त्यानं शेवटच्या दोन महिन्यांत छापलेल्या सगळ्या बातम्या तारखेसकट गोळा करून जबाबासोबत जोडा.

आणि छापून न आलेल्यापण. हे फार महत्त्वाचं आहे, तो कशावर काम करत होता हे पोलिसांना माहीत नसतं, घरच्यांनापण नसतं, डेस्कवरच्या एकदोघांना असतं. त्यांनी पुढं येऊन जबाब दिला नाही तर खुनामागचं कारण फायलीत येतच नाही, मग जुना जमिनीचा वाद, उसने पैसे, बाईचं लफडं असली कारणं हळूच पेरली जातात. त्याचा लॅपटॉप, फोन, डायरी पोलीस नेतील तेव्हा पंचनाम्यात प्रत्येक वस्तू लिहिली का ते बघा आणि प्रत मागा. त्याची राहिलेली बातमी बाकीच्यांनी मिळून पूर्ण करून एकाच दिवशी छापा. फॉरबिडन स्टोरीज नावाचा गट जगभर हेच करतो, माल्टात मारल्या गेलेल्या पत्रकार डॅफ्नी कारुआना गालिझियाचं काम त्यांनी असंच पुढं नेलं. हेतू साधा आहे, माणूस मारून बातमी मेली नाही हे मारणाऱ्याला दिसलं पाहिजे.

मग कॅलेंडर. खुनाच्या केसमध्ये ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर आत असलेल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो (मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कायदा, लागला तर मुदत १८० पर्यंत वाढू शकते). दाभोलकरांच्या केसमध्ये पुणे पोलिसांनी सुरवातीला पकडलेले दोघं असेच सुटले होते, ९० दिवसांत आरोपपत्रच नाही. म्हणून अटकेच्या दिवसापासून मोजा आणि साठाव्या दिवशी लेखी विचारा की कुठवर आलं. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं हे आता कायद्यानंच पोलिसांवर घातलंय, नागरिक सुरक्षा संहिता कलम १९३. घरच्यांनी स्वतःचा वकील लावावा, तो सरकारी वकिलाला मदत करू शकतो, आणि वकील असला की आरोपपत्राची प्रतपण मिळते. निर्दोष सुटले तर अपील करायचा हक्क घरच्यांनापण आहे, फक्त सरकारच्या भरवशावर राहायची गरज नाही.

केस कोर्टात लागली की सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख नंबर, काढून ठेवा, १६ अक्षरांचा असतो, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि आधीच्या तारखांना काय झालं ते दिसतं. आणि मग एक रोस्टर करा. खरंच करा. दहा पत्रकार असतील तर दर तारखेला एकानं जाऊन मागच्या बाकावर बसायचं, पेन-वही घेऊन, बस. काही बोलायचं नाही. कोर्टनाक्याला मी स्वतः बघितलंय, मागं एक बातमीदार बसलाय म्हटलं की "साहेब, साक्षीदार आला नाही, तारीख द्या" हे जरा खालच्या आवाजात बोललं जातं. पहिल्या वर्षी दहाच्या दहा येतात, तिसऱ्या वर्षी दोघं, सहाव्या वर्षी विधवा बायको आणि तिचा भाऊ. ती पाळी येऊ नये म्हणून रोस्टर, कारण केस वर्षांनी मोजायची असते. मुंबईचे क्राइम रिपोर्टर जे. डे यांना ११ जून २०११ ला पवईत गोळ्या घातल्या, छोटा राजनला शिक्षा लागली मे २०१८ ला, आणि ही आपल्याकडची लवकर लागलेली केस! हरियाणातल्या सिरसाचे पत्रकार रामचंदर छत्रपती, २००२ ला गोळ्या झाडल्या, विशेष कोर्टाचा निकाल जानेवारी २०१९. बंगळुरूच्या पत्रकार गौरी लंकेश ५ सप्टेंबर २०१७ ला गोळ्या लागून गेल्या आणि खटला सुरू व्हायलाच २०२२ उजाडलं.

साक्षीदार सांभाळा. साक्षीदार म्हणजे कोणी मोठा माणूस नसतो, टपरीवाला असतो, रिक्षावाला, वॉचमन. डॉ. नरेंद्र दाभोलकर, साधना साप्ताहिकाचे संपादक, २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर मारले गेले, आणि त्या केसमध्ये कोर्टात उभं राहून आरोपी ओळखणाऱ्यांत महापालिकेचा एक सफाई कामगार होता. विचार करा त्याच्यावर काय दडपण असेल. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून देशभर लागू आहे, अर्ज जिल्ह्याच्या समितीकडं करायचा, जिल्हा व सत्र न्यायाधीश तिचे प्रमुख असतात, आणि हा अर्ज साक्षीदाराला कोणीतरी भरून द्यायला लागतो, टपरीवाला कुठून भरणार.

दाभोलकरांच्या केसकडं नीट बघा, त्यात सगळंच आहे. आधी पुणे पोलीस, मग हायकोर्टाच्या आदेशानं २०१४ ला सीबीआय. २०१६ च्या आरोपपत्रात गोळ्या झाडणारे म्हणून दोन नावं, २०१८ ला वेगळीच दोन नावं. ती दुसरी नावं मिळाली ती कशी, तर गौरी लंकेश प्रकरणात कर्नाटकच्या एसआयटीनं धागा ओढत आणला आणि ऑगस्ट २०१८ ला राज्याच्या एटीएसनं आपल्या शेजारी नालासोपाऱ्यात स्फोटकं पकडली. म्हणजे बंगळुरूचा खून नीट तपासला म्हणून पुण्याचा उलगडला. मधल्या काळात घरचे हायकोर्टात जात राहिले, कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला त्या पुलावर जमत राहिले. १० मे २०२४ ला दोघांना जन्मठेप झाली, तिघं सुटले, आणि कोर्टानं निकालात म्हटलं की सूत्रधार वेगळेच आहेत आणि तपास यंत्रणांना ते शोधता आले नाहीत. अकरा वर्षं झगडून ट्रिगर ओढणारे आत, सुपारी देणारा बाहेर. म्हणून आपल्या केसमध्ये आरोपपत्र आलं की पहिले बघायचं, कट कोणी रचला हे त्यात आहे का? नसेल तर पुढच्या तपासाची मागणी लगेच लेखी करा, खटला अर्धा झाल्यावर कोणी ऐकत नाही.

२ नोव्हेंबर हा संयुक्त राष्ट्रांनी पत्रकारांवरचे गुन्हे पचू नयेत म्हणून ठरवलेला दिवस आहे, २०१३ ला मालीत त्या तारखेला दोन फ्रेंच पत्रकार मारले गेले म्हणून. मोर्चा-बिर्चा काढायचा तर काढा, पण माझं मत विचाराल तर त्या दिवशी आपल्या जिल्ह्यातल्या चालू केसेसच्या तारखा काढून रोस्टर नवं करा.

त्या दिव्याच्या पोराचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन गेला, मी फोनवर सांगितलं ते वाक्य जसंच्या तसं लिहून. दोन तास बसवलं, मग घेतला. दुपारी पोचचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, खाली अंगठा. मी झूम करून बघितलं तर सही आहे, स्टेशनचं नाव दिसतंय, पण शिक्क्यातली तारीख सगळी शाईनं भरलेली, ६ आहे की ८ कळत नाही. म्हटलं परत जा आणि बाजूला पेननं तारीख टाकून घे. वैतागला, पण गेला.